नकाशा वाचता येतो का तुम्हाला?

दिवसातून किती वेळा तुम्ही फोनवर नकाशा उघडता? रिक्षा कुठपर्यंत आली, जेवणाची ऑर्डर कुठे अडकली, लग्नाचा हॉल नेमका कुठल्या गल्लीत आहे... सगळ्याचं उत्तर त्या छोट्याशा निळ्या ठिपक्यात मिळतं. बाई सांगते, 'पुढे डावीकडे वळा' आणि आपण वळतो. पोहोचतोसुद्धा!

पण वाटेत आपण नदी ओलांडली की नाला? रस्ता चढाचा होता की उताराचा? आपलं घर आजूबाजूच्या परिसरापेक्षा उंचावर आहे की खोलगट भागात? हे विचारलं, तर आपल्यातले बरेच जण गोंधळतात. फोन आपल्याला मुक्कामी पोहोचवतो, पण ती जागा कशी आहे हे कळायला नकाशा वाचता यावा लागतो.

तुम्ही बारावीनंतर भूगोल घेतला असेल, किंवा घरातल्या मुलाने घेतला असेल, तर 'नकाशे रंगवायचा विषय' असा टोमणा एकदा तरी ऐकला असेल. त्याचं उत्तर या लेखात आहे. आणि भूगोलाशी तुमचा संबंध दहावीलाच संपला असेल, तरी वाचत राहा. कारण घर घेताना, ट्रेकला जाताना आणि बातम्यांमधला रंगीत नकाशा पाहताना हीच विद्या कामाला येते.

आधी चौकट वाचा, मग चित्र

नकाशा हातात आला की आपली नजर थेट आपलं गाव शोधायला धावते. भूगोलाचे शिक्षक मात्र आधी कडेची माहिती वाचायला लावतात. शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची या चार गोष्टी पाहिल्याशिवाय आत शिरायचं नाही. नकाशा कशाचा आहे, उत्तर कुठे आहे, कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर किती होतो आणि कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे कळलं की निम्मं काम झालं.

यातलं प्रमाण सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे भूगोलाच्या प्रॅक्टिकलला जो स्थलनिर्देशक नकाशा म्हणजेच टोपोशीट वापरतात, त्याचं प्रमाण बहुधा १:५०,००० असतं. म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. रस्ता वळणावळणाचा असेल तर पट्टीने मोजता येत नाही. अशा वेळी साधा दोरा घ्या, रस्त्यावरून वळणं घेत ठेवत जा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजा. दोरा ९ सेंटिमीटर भरला, तर रस्ता साडेचार किलोमीटरचा. फोन हेच गणित क्षणात करतो, पण दोऱ्याने केलं की प्रमाण म्हणजे काय ते आयुष्यभर विसरत नाही.

हे नकाशे तयार करते सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजेच भारतीय सर्वेक्षण विभाग. १७६७ साली सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय देहरादूनला आहे. तिच्या जुन्या मालिकेतल्या टोपोशीटचा नंबर म्हणजे त्या भागाचा पत्ताच असतो. आधी ४ अंश लांब आणि ४ अंश रुंद असा मोठा चौकोन, त्याला एक आकडा. त्याचे १६ भाग, त्यांना इंग्रजी अक्षरं. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग, त्यांना पुन्हा आकडे. म्हणून पुणे शहराचा मध्यभाग ४७ एफ/१४ मध्ये येतो आणि त्याच्या खालच्या ४७ एफ/१५ मध्ये सिंहगड सापडतो. इंदूर ४६ एन मध्ये, तर वडोदरा ४६ एफ मध्ये. नव्या मालिकेत नंबर देण्याची पद्धत बदलली आहे, पण प्रॅक्टिकलच्या कपाटात तुम्हाला या जुन्या शीट हमखास भेटतील.

रंग उगाच दिलेले नसतात

टोपोशीट पहिल्यांदा उघडली की रांगोळी विस्कटल्यासारखी दिसते. पण एकदा रंगांची भाषा कळली की ती बोलायला लागते. निळा रंग पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा शेतीचा. तपकिरी रेषा उंचसखलपणा दाखवतात. लाल रंगात वस्ती आणि रस्ते. नावं, रेल्वेमार्ग आणि कोरडे ओढे काळ्या रंगात.

कोरडा ओढा काळा, ही बारीकशी गोष्ट नीट लक्षात ठेवा. वर्षातले बरेच महिने पाणी नसलेला प्रवाह नकाशावर निळा नसला, तरी काळ्या रेषेत तो असतो. जमिनीवर तिथे तुम्हाला झुडपं, क्रिकेट खेळणारी मुलं किंवा पार्किंग दिसेल. पावसाळ्यात पाणी मात्र आपली जुनी वाट शोधतंच.

परीक्षेतही नुसतं 'नकाशात नदी आहे, रस्ता आहे, मंदिर आहे' असं लिहून गुण मिळत नाहीत. दोन गोष्टींची सांगड घालावी लागते. घरं रस्त्याच्या कडेने एका रांगेत का आहेत? डोंगरउतारावर वस्ती विखुरलेली आणि नदीकाठच्या पिवळ्या पट्ट्यात एकवटलेली का आहे? रेल्वेमार्ग अचानक वळसा का घेतो? 'का' विचारायला सुरुवात केली की नकाशा पाहणं संपतं आणि वाचणं सुरू होतं.

बटाट्यावर शिका समोच्च रेषा

आता विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त रडवणारा भाग. समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. व्याख्या पाठ होते, डोंगर मात्र दिसत नाही!

यासाठी स्वयंपाकघरात जा. एक मोठा, ओबडधोबड बटाटा अर्धा कापा आणि सपाट बाजू खाली ठेवा. हा तुमचा डोंगर. आता त्याचे सारख्या जाडीचे आडवे काप करा. सगळ्यात खालचा काप कागदावर ठेवून पेन्सिलने कडेने रेघ मारा. त्याच जागी पुढचा काप ठेवा, पुन्हा रेघ. शेवटपर्यंत असं करत गेलात की कागदावर एकात एक वर्तुळं तयार होतील. बटाट्याची जी बाजू उभी होती, तिथे रेषा जवळजवळ आल्या. जी बाजू पसरट होती, तिथे त्या दूर गेल्या. झालं, समोच्च रेषा कळल्या! काप भाजीत टाका.

१:५०,००० च्या टोपोशीटवर दोन समोच्च रेषांमध्ये सहसा २० मीटर उंचीचा फरक असतो. समजा, १ सेंटिमीटर अंतरात तुम्ही पाच टप्पे चढलात. म्हणजे ५०० मीटर जाताना १०० मीटर उंची, पाचास एक असा उतार. हेच पाच टप्पे ४ मिलिमीटरमध्ये आले, तर २०० मीटरमध्ये १०० मीटर उंची. इथे चढताना दम लागणार आणि घरातल्या ज्येष्ठांना नेणं अवघड जाणार. ट्रेकचा फोटो पाहून ठरवण्यापेक्षा हे गणित कितीतरी भरवशाचं आहे.

आणखी एक युक्ती. रेषा इंग्रजी 'व्ही'सारख्या वाकल्या असतील, तर टोक कुठे आहे ते पाहा. टोक उंच भागाकडे असेल तर ती दरी आहे, तिथून पाणी वाहणार. टोक सखल भागाकडे असेल तर डोंगराची सोंड आहे.

हे केवळ मार्कांसाठी नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर तेच संकट आलं. दरड कधी कोसळेल हे केवळ समोच्च रेषांवरून सांगता येत नाही. पाऊस, माती, खडक, झाडी, जमिनीचा वापर असं बरंच काही त्यात असतं. पण कुठली वस्ती तीव्र उताराच्या पायथ्याशी आहे आणि कुठलं घर ओढ्याच्या तोंडावर आहे, हे मात्र या रेषा स्पष्ट दाखवतात. धोक्याच्या जागा ठरवण्याचं काम जिथे सुरू होतं, तिथे पहिल्या काही कागदांमध्ये हा नकाशा असतोच.

स्वतः बनवून पाहा

वाचता येणारी माणसं पुष्कळ, पण स्वतः नकाशा बनवला की दृष्टीच बदलते. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही, पाय पुरतात.

एकोणिसाव्या शतकात कुमाऊंच्या नैनसिंह रावत यांनी हेच केलं होतं. तिबेटमध्ये परक्या सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता, म्हणून ते यात्रेकरूच्या वेशात निघाले आणि १८६६ च्या सुरुवातीला ल्हासाला पोहोचले. हातात जपमाळ होती, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. दर १०० पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळ पूर्ण झाली की १०,००० पावलं. मोजमापांच्या नोंदी प्रार्थनाचक्रात दडवलेल्या असत.

तुमच्या गल्लीसाठी इतकं धाडस नको. आधी मैदानावर टेपने १०० मीटर मोजा आणि नेहमीच्या चालीने ते अंतर चाला. समजा १४० पावलं लागली. आता गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. ३५० पावलं भरली, तर गल्ली २५० मीटर लांब. १:२,००० प्रमाण घेतलंत, तर कागदावर ती साडेबारा सेंटिमीटर येईल, वहीच्या पानावर सहज मावेल. दिशा फोनमधल्या कंपासवर पाहा. वळण आलं की थांबा, दिशा लिहा, पुन्हा मोजा.

यात खरी गंमत पुढे आहे. काय दाखवायचं आणि काय सोडायचं? सोसायट्या दाखवाल, पण कोपऱ्यावरची चहाची टपरी? सार्वजनिक नळ? पत्र्याची घरं? रस्त्यावरचा दिवा, जो गेले काही महिने बंदच आहे? आजीला विचाराल तर ती बसायचा कट्टा आणि औषधांचं दुकान सांगेल. धाकटी बहीण सांगेल, संध्याकाळी कुठल्या वळणावर अंधार असतो. एकाच गल्लीचे तीन नकाशे होतील आणि तिन्ही खरे असतील. मोठ्या कंपनीचा असो की सरकारी, प्रत्येक नकाशा कोणीतरी निवड करूनच बनवलेला असतो. काय ठेवायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

काही वेळा ही निवड जीवनमरणाची ठरते. २०१० साली हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे पुरेसे तपशीलवार नकाशे हाताशी नव्हते. जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर तिथले रस्ते आणि इमारती रेखाटल्या आणि बचाव पथकांनी ते नकाशे वापरले. हा खुला नकाशा २००४ पासून सुरू आहे. तुमची वाडी, तुमची पाऊलवाट त्यावर नसेल, तर तुम्हीही ती जोडू शकता.

नकाशा खरं बोलतो, पण किती?

आता तिसरी पायरी, अर्थ लावण्याची. इथे दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली लंडनची. १८५४ साली तिथल्या सोहो भागात कॉलऱ्याने ६०० हून अधिक माणसं दगावली. दूषित हवेमुळे रोग होतो असा तेव्हा समज होता. डॉ. जॉन स्नो यांना पाण्याचा संशय होता. त्यांनी घरोघरचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती खुणांची दाटी दिसली. पण नुसती दाटी हा पुरावा होत नाही. त्यांनी अपवाद शोधले. पंपाजवळच्याच दारूभट्टीतले कामगार वाचले होते, कारण ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही स्नो यांनी मोकळेपणाने नोंदवलं. म्हणून नकाशात दाटी दिसली की पुढचा प्रश्न विचारायचा, 'इथे असूनही कोण सुटलं?'

दुसरी गोष्ट आपल्या देशाची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११.२४ कोटी होती आणि बिहारची सुमारे १०.४१ कोटी. राज्यांच्या नकाशात एकूण लोकसंख्येनुसार रंग भरले, तर दोघांना जवळजवळ सारखाच गडद रंग मिळेल. आता घनता घ्या. महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं, बिहारमध्ये १,१०६. महाराष्ट्र फिकट, बिहार गडद! आकडे दोन्हीकडे खरे, पण नकाशे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणूनच क्षेत्रघनी नकाशात एकूण संख्येपेक्षा घनता किंवा टक्केवारी घेणं योग्य मानतात. निवडणूक असो की रोगाची साथ, बातमीतला रंगीत नकाशा दिसला की फॉरवर्ड करण्याआधी सूची वाचा. रंग एकूण संख्येचे आहेत की प्रमाणाचे, एवढं तपासलं तरी निम्मे गैरसमज टळतील.

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशाही तपासून पाहा. तो मर्केटर प्रक्षेपणावर असेल, तर ग्रीनलँड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसेल. प्रत्यक्षात भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आहे आणि ग्रीनलँडचं साधारण २१.६६ लाख. १५६९ साली मर्केटर यांनी हा नकाशा खलाशांसाठी बनवला होता. दिशा अचूक ठेवण्यासाठी त्यात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले गेले. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची म्हटलं की काहीतरी सोडावं लागतंच.

जुना नकाशा, नवा नकाशा

भूगोलाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी करावा असा एक प्रयोग आहे. आपल्या शहराचा जुना नकाशा शोधा आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवा.

बंगळुरूमध्ये राहणाऱ्या वाचकांना मॅजेस्टिकचं बस स्थानक चांगलंच माहीत असेल. त्या जागी पूर्वी धर्मांबुधी तलाव होता. कंठीरवा स्टेडियम आहे तिथे संपंगी तलाव. मुंबईकरांना २६ जुलै २००५ विसरता येत नाही. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि एरवी नाला समजली जाणारी मिठी ही नदी आहे, हे अनेकांना तेव्हा उमगलं. जुन्या नकाशावर ती नदीच होती.

म्हणून घर किंवा प्लॉट पाहायला जाल, तेव्हा शाळा आणि स्टेशन किती जवळ आहे यासोबत एक काम करा. त्या जागेचा स्थलनिर्देशक नकाशा काढा. जवळ ओढा आहे का? तलाव बुजवला आहे का? समोच्च रेषांचं 'व्ही' टोक कुठे आहे? कागदपत्रं वकील तपासेल, पण पाण्याची वाट तुम्हालाच तपासावी लागेल. घरात भूगोल शिकणारा कोणी असेल, तर हे काम त्याच्याकडे सोपवा. पुन्हा 'नकाशे रंगवायचा विषय' असं कोणी म्हणणार नाही.

सुरुवात कुठून कराल?

* सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर १:५०,००० चे खुले नकाशे मिळतात. आपल्या भागाची शीट आधी शोधा.
* इस्रोच्या भुवन पोर्टलवर उपग्रहचित्रं पाहता येतात. टोपोशीट आणि उपग्रहचित्र शेजारी ठेवून तुलना करा.
* संगणकावर नकाशे बनवायचे तर क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आधी हाताने दोन-तीन नकाशे काढा आणि मगच त्याकडे वळा, म्हणजे कुठलं बटण का दाबतोय ते कळेल.
* भारताचा नकाशा काढताना सीमारेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच घ्या. इंटरनेटवरचा कुठलाही नकाशा उचलू नका.
* प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची नसलेला एकही नकाशा ठेवू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येऊ शकतो.
* शीट घेऊन एकदा तरी बाहेर पडा. टेकडीवर उभं राहून नकाशा उत्तरेकडे फिरवा आणि समोरचा डोंगर कागदावर ओळखा.

शहर नियोजन, आपत्ती व्यवस्थापन, शेती, जलसंधारण, वाहतूक, आरोग्य अशा अनेक क्षेत्रांत नकाशे समजणारी माणसं लागतात. पण नोकरीचं पुढे बघता येईल. या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकेक कागद द्या आणि आपल्या गल्लीचा नकाशा काढायला सांगा. मग ते कागद शेजारी शेजारी ठेवा आणि एकमेकांना विचारा, 'तू हे का दाखवलंस? आणि ते का सोडलंस?' इतकी वर्षं एकाच पत्त्यावर राहून घरातला प्रत्येक जण किती वेगळ्या गल्लीत राहत होता, ते तुम्हाला तेव्हा कळेल.